यंदा सोमवती कधी? जेजुरीच्या जत्रांमागचं गणित

ज्यांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा आहे, त्यांच्या घरात नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की एक प्रश्न हमखास येतो : यंदा सोमवती कधी आहे? दसऱ्याबद्दल असं कुणी विचारत नाही. तो आश्विनात येणार, एकदाच येणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. सोमवती, म्हणजे सोमवारी येणारी अमावास्या, मात्र २०२३ मध्ये तीनदा आली : २० फेब्रुवारी, १७ जुलै आणि १३ नोव्हेंबर. २०२४ मध्येही तीनदा आली, पण तारखा आणि महिने वेगळे : ८ एप्रिल, २ सप्टेंबर आणि ३० डिसेंबर. कधी भर उन्हात, कधी पावसात, तर कधी थंडीत. एकाच देवाच्या एकाच गावी काही उत्सव ठरल्या महिन्यात येतात आणि एक उत्सव मात्र वाटेल तेव्हा उगवतो, हे कसं?

उत्तर शोधायचं तर खंडोबाच्या कथांकडे पाहायला हवं आणि आकाशाकडेही.

एक देव, दोन डोंगर

पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात, पुण्यापासून साधारण पन्नास किलोमीटरवर जेजुरी आहे. बहुतेक यात्रेकरू जिथे जातात, तो पायऱ्यांचा आणि दीपमाळांचा गड. त्याच्यामागे उंच डोंगरावर कडेपठारचं देऊळ आहे. ते जुनं ठाणं. परंपरा सांगते, की एका भक्ताला म्हातारपणी कडेपठारची चढण झेपेना, तेव्हा देवच त्याच्यासाठी खालच्या टेकडीवर उतरून आला. आजच्या गडाचा भक्कम तट आणि बरंचसं बांधकाम यांच्याशी होळकरांचं नाव जोडलेलं आहे. नीरेकाठच्या होळ गावचे मल्हारराव होळकर यांचं हे कुलदैवत. उत्तरेत मोठं राज्य उभारल्यावरही हे घराणं जेजुरीला विसरलं नाही.

गडाच्या वाटेवर देवाचा सगळा संसार भेटतो. मध्येच धाकट्या बायकोचं, बाणाईचं, देऊळ लागतं, हेगडी प्रधानाचं ठाणं लागतं. वर गाभाऱ्यात देवाशेजारी थोरली बायको म्हाळसा असते. देवळासमोर पितळी पत्र्याने मढवलेलं प्रचंड कासव आहे आणि त्याच्यावर तळी भरली जाते. तामणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवायचा. चार-पाच जणांनी मिळून तामण धरायचं आणि ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत ते वर उचलायचं. भंडारा म्हणजे हळदीची पूड. ती इतकी उधळली जाते की कासवाची पाठ, फरशी, पायऱ्या आणि माणसं सगळी एकाच रंगाची होतात. कपड्यांवरचा तो रंग धुतल्यावरही लवकर जात नाही. सोन्याची जेजुरी म्हणतात, ती याच रंगामुळे.

दसऱ्याच्या रात्री या दोन्ही डोंगरांवरच्या पालख्या निघतात आणि मधल्या दरीत, रमण्यात, मध्यरात्रीनंतर त्यांची भेट होते. दुसऱ्या दिवशी गडावर खंडा उचलण्याच्या मर्दानी स्पर्धा होतात. हा खंडा म्हणजे सुमारे ४२ किलो वजनाची तलवार. ती एका हाताने आडवी तोलून सर्वांत जास्त वेळ कोण धरतो, यावर चुरस असते. काही जण ती दातांनी उचलतात. दसरा आश्विन शुद्ध दशमीला. इथे प्रश्नच नाही, तिथी आली की उत्सव आला.

सहा रात्रींची लढाई

जेजुरीचा दुसरा मोठा उत्सव चंपाषष्ठी. त्याची कथा अशी : मणी आणि मल्ल या दोन दैत्य भावांना ब्रह्मदेवाचा वर मिळाला आणि ते माजले. मणिचूर्ण पर्वतावरच्या ऋषींचे आश्रम त्यांनी उद्ध्वस्त केले. ऋषी इंद्राकडे गेले, विष्णूकडे गेले, शेवटी शंकराकडे गेले. शंकराने मार्तंडभैरवाचं, म्हणजेच खंडोबाचं, रूप घेतलं आणि सात कोटींचं सैन्य घेऊन तो लढाईला उतरला. मणी पडला, पण पडता पडता शरण आला. त्याने देवाजवळ जागा मागितली आणि ती त्याला मिळाली. म्हणूनच आजही गडावर दैत्य असलेल्या मणीला पूजेचा मान आहे. मल्ल शेवटपर्यंत वाकला नाही. त्याचं मस्तक देवाच्या पायरीशी आलं, भक्तांच्या पायांखाली, आणि नाव मात्र देवाच्या ‘मल्हारी’ या नावात कायमचं राहिलं.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसतात, सहा रात्री नंदादीप तेवत राहतो आणि षष्ठीला घट उठतात. त्या दिवशी घरोघरी वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे यांचा नैवेद्य असतो. चातुर्मासात सोडलेली वांगी अनेक घरांत याच दिवशी पुन्हा ताटात येतात.

आता तारखा पाहा. २०२३ मध्ये चंपाषष्ठी १८ डिसेंबरला होती, २०२४ मध्ये ७ डिसेंबरला, २०२५ मध्ये २६ नोव्हेंबरला. दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे. चंद्राचे बारा महिने मिळून सुमारे ३५४ दिवस भरतात, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. फरक अकरा दिवसांचा. हा फरक तसाच साठू दिला असता, तर चंपाषष्ठी हळूहळू हिवाळ्यातून पावसाळ्यात, मग उन्हाळ्यात अशी मागे गेली असती आणि बाजरीचा नवा दाणा घरात येण्याच्या दिवसांशी तिचं नातं तुटलं असतं. म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी पंचांगात एक अधिक महिना घातला जातो. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे त्या वर्षीची चंपाषष्ठी पुन्हा डिसेंबरच्या मध्यावर जाते. म्हणजे ही षष्ठी दर वर्षी मागे सरकते, मग एकदम पुढे उडी घेते, पण हिवाळा सोडत नाही आणि वर्षातून एकदा येण्याचा नेमही मोडत नाही.

पौर्णिमा सगळ्यांना दिसते

खंडोबाचं लग्न पौष पौर्णिमेला झालं असं मानतात. नेवाशाच्या वाण्याची लेक म्हाळसा ही त्याची पहिली बायको. सातारा जिल्ह्यातल्या पालीला पौषात देवाच्या लग्नाची मोठी यात्रा भरते. दुसरी बायको बाणाई, धनगराची लेक. तिच्यासाठी देवाने मेंढपाळाची चाकरी केली. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळचं चंदनपुरी हे तिचं गाव. थोरलीला गडावर आणि धाकटीला निम्म्या चढणीवर जागा मिळाली. या सवतींच्या भांडणावर वाघ्या-मुरळी रात्रभर जागरणं रंगवतात. वाणी आणि धनगर, बाजार आणि माळरान असे महाराष्ट्राचे दोन वेगळे समाज या एका संसारात सोयरे झाले. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या अभ्यासकांना खंडोबाने वेड लावलं, त्याचं एक कारण हेही आहे.

जेजुरीत पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो. वैदू, कैकाडी, गाडीवडार, बेलदार, कुंभार अशा ज्यांच्या पोटापाण्याचा भार पिढ्यान्‌पिढ्या गाढवांच्या पाठीवर होता, त्या समाजांचे लोक इथे येतात. गाढवाचे दात पाहून वय ठरतं आणि वयावरून भाव. गुजरातची काठेवाडी गाढवंही विकायला येतात. पुढच्याच महिन्यात, माघ पौर्णिमेला, कोकण किनाऱ्यावरचे कोळी पालख्या घेऊन येतात. संगमनेर आणि सुपे इथल्या मानाच्या शिखरी काठ्या देवळाच्या कळसाला टेकवल्या जातात.

वर्षभर वाटेवर असणाऱ्यांनी आणि समुद्रावर जाणाऱ्यांनी जमायला पौर्णिमाच का निवडली असावी, याचा अंदाज करणं अवघड नाही. चंद्र रोज थोडा मोठा होत जातो, हे कुणालाही दिसतं. पंचांग नसलं, अक्षरओळख नसली, पाल कुठल्याही गावाबाहेर असलं, तरी पौर्णिमा किती रात्रींवर आली हे आकाशात पाहून सांगता येतं. शिवाय रात्रीच्या प्रवासाला उजेड मिळतो.

अमावास्येचं तसं नाही. त्या रात्री आकाशात पाहण्यासारखं काही नसतंच. ती हिशेबानेच काढावी लागते. सोमवतीला तर नुसती अमावास्या पुरत नाही, ती सोमवारी यावी लागते.

वार आणि चंद्र यांची गाठ

खंडोबाचा वार खरं तर रविवार. मार्तंड म्हणजे सूर्य, म्हणून. पण खंडोबा शंकराचा अवतार आणि सोमवार शंकराचा. अमावास्या आणि सोमवार यांचा योग पुण्याचा मानला जातो आणि त्या दिवशी नदीच्या स्नानाचं महत्त्व मोठं. इथे सोमवती इतर उत्सवांपासून वेगळी पडते. चंपाषष्ठी विजयाची आठवण आहे, पौष पौर्णिमा लग्नाची. आठवण वर्षातून एकदा काढतात. सोमवतीला मान आहे तो योगाचा. योग जितक्या वेळा जुळेल, तितक्या वेळा जत्रा.

तो किती वेळा जुळतो? समजा, तुमच्या गावचा आठवडी बाजार सोमवारी भरतो आणि घरातला गॅस सिलिंडर साधारण साडेएकोणतीस दिवस चालतो. बाजार दर सात दिवसांनी. सिलिंडर मात्र चार आठवडे उलटून आणखी दीड दिवसाने संपतो. या वेळी सोमवारी संपला तर पुढच्या वेळी मंगळवारी किंवा बुधवारी संपेल, मग आणखी एक-दोन वार पुढे. असा पुढे पुढे जात तो कधी तरी पुन्हा बाजाराच्या दिवशीच संपेल. अमावास्येचंही असंच आहे. दोन अमावास्यांमधलं अंतर सरासरी २९.५३ दिवसांचं. त्यातून चार आठवड्यांचे २८ दिवस वजा केले की उरतो दीड दिवस. प्रत्येक अमावास्या वारांच्या रांगेत एक किंवा दोन घरं पुढे सरकते.

प्रत्यक्षात हे कसं घडतं, ते २०२४ च्या पंचांगात पाहू. ८ एप्रिलची अमावास्या सोमवारी होती. पुढची ८ मे रोजी बुधवारी, मग ६ जूनला गुरुवारी, ५ जुलैला शुक्रवारी, ४ ऑगस्टला रविवारी आणि २ सप्टेंबरला पुन्हा सोमवारी. दोन, एक, एक, दोन, एक : सात घरं पुरी व्हायला पाच महिने लागले. त्यानंतर २ ऑक्टोबरला बुधवार, १ नोव्हेंबरला शुक्रवार, १ डिसेंबरला रविवार आणि ३० डिसेंबरला सोमवार. या वेळी दोन, दोन, दोन, एक अशी सात घरं चारच महिन्यांत संपली.

म्हणजे एका सोमवतीपासून दुसरी बहुतेक वेळा चार किंवा पाच चांद्रमासांनी येते. दिवसांत मोजलं तर ११९ किंवा १४७ दिवसांनी, आठवड्यांत मोजलं तर १७ किंवा २१ आठवड्यांनी. वर्षाचे ३६५ दिवस या अंतरांत नीट बसत नाहीत. त्यामुळे एखाद्या वर्षात दोन सोमवत्या पडतात, तर एखाद्या वर्षाच्या आरंभी एक, मध्ये एक आणि अखेरीस एक अशा तीन मिळतात. महिनाही त्यामुळेच बदलत राहतो.

पालखी कधी सकाळी, कधी दुपारी

सोमवतीला देवाची पालखी गडावरून उतरून कऱ्हेवर स्नानाला जाते. मानकरी इशारत देतात, बंदुकीच्या फैरींनी सलामी होते, खांदेकरी पालखी उचलतात आणि वरून भंडारा-खोबऱ्याचा मारा सुरू होतो. पालखीत खंडोबा आणि म्हाळसा यांच्या उत्सवमूर्ती असतात. नदीवर त्यांना दही-दुधाने आंघोळ घालतात आणि त्यांच्यापाठोपाठ भाविक पाण्यात उतरतात. कऱ्हा ही पुरंदरच्या डोंगरात उगम पावून पुढे नीरेला मिळणारी नदी. हा टापू कमी पावसाचा, त्यामुळे उन्हाळ्यातल्या सोमवतीला पात्रात पाणी असेलच असं नाही. पण योगाला पावसाळ्याची वाट पाहता येत नाही.

पालखी निघण्याची वेळ मात्र दर सोमवतीला सारखी नसते. त्याचं कारण तिथी आणि दिवस या दोन निराळ्या गोष्टी असण्यात आहे.

दिवस सूर्यामुळे होतो. तिथी सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या अंतरामुळे होते. पृथ्वीवरून पाहताना चंद्र आकाशात सूर्याच्या पुढे पुढे जात असतो. त्या दोघांमधलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, म्हणून तिथ्या तीस. चंद्र सूर्याला पुन्हा गाठतो त्याआधीचे शेवटचे बारा अंश म्हणजे अमावास्या.

चंद्राची कक्षा नेमकी गोल नसल्याने त्याचा वेग बदलत राहतो. पृथ्वीच्या जवळ असताना तो झपाझप चालतो आणि तिथी वीस तासांच्या आसपास संपते. लांब असताना रेंगाळतो आणि तिथी सत्तावीस तासांच्या घरात जाते. ती पहाटे सुरू होईल, भर दुपारी होईल किंवा रात्री, याला काही धरबंध नाही. सूर्योदयाशी तिला काही देणंघेणं नसतं.

२६ मे २०२५ च्या सोमवारी अमावास्या दुपारी बारानंतर लागली आणि मंगळवारी सकाळपर्यंत होती. उलट १५ जून २०२६ च्या सोमवारी अमावास्या सकाळी साडेआठच्या आतच संपते, कारण ती रविवारी दुपारीच लागलेली असते. पहिल्या वेळी अमावास्येत स्नान करायचं तर दुपारची वाट पाहणं भाग, दुसऱ्या वेळी पहाटेची घाई अटळ. पंचांगात सोमवतीपुढे पर्वकाळाची वेळ छापलेली असते ती यासाठीच.

चौकट : जेजुरीचे उत्सव आणि त्यांची घड्याळं

• दसरा (आश्विन शुद्ध दशमी) : तिथीवर चालतो, वर्षातून एकदा. रात्री दोन पालख्यांची भेट, नंतर खंडा-स्पर्धा.

• चंपाषष्ठी (मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी) : तिथीवर चालते, वर्षातून एकदा. मणी-मल्लावरच्या विजयाची आठवण. तारीख अकरा दिवस मागे सरकते, अधिक महिन्यामुळे पुन्हा पुढे येते.

• पौष आणि माघ पौर्णिमा : तिथीवर, वर्षातून एकेकदा. पौषात गाढवांचा बाजार, माघात कोळ्यांच्या पालख्या आणि शिखरी काठ्या.

• सोमवती अमावास्या : तिथी आणि वार दोन्ही जुळावे लागतात. बहुधा १७ किंवा २१ आठवड्यांनी, वर्षातून साधारण दोन-तीनदा. कऱ्हास्नान.

पुढची सोमवती तुम्हीच काढा

वरच्या तारखांमध्ये एक सोपी युक्ती दडलेली आहे. चार महिन्यांचं अंतर आणि पाच महिन्यांचं अंतर यांची बेरीज नऊ चांद्रमास होते. नऊ चांद्रमास म्हणजे सरासरी २६५.८ दिवस. अडतीस आठवडे म्हणजे २६६ दिवस. फरक जेमतेम साडेपाच तासांचा. म्हणून एका सोमवतीच्या तारखेत अडतीस आठवडे मिळवले की बहुतेक वेळा आपण दुसऱ्या एखाद्या सोमवतीवर जाऊन पोचतो.

पडताळून पाहा. २० फेब्रुवारी २०२३ मध्ये अडतीस आठवडे मिळवले की १३ नोव्हेंबर २०२३. १७ जुलै २०२३ वरून ८ एप्रिल २०२४. ८ एप्रिलवरून ३० डिसेंबर २०२४. २ सप्टेंबर २०२४ वरून २६ मे २०२५. चारही सोमवत्या.

पण साडेपाच तासांची ती फट दर फेरीत रुंदावत जाते आणि कधी तरी हिशेब हुकतो. १३ नोव्हेंबर २०२३ मध्ये अडतीस आठवडे मिळवले तर ५ ऑगस्ट २०२४ चा सोमवार येतो, पण अमावास्या आदल्या दिवशी, रविवारीच उरकली होती. २६ मे २०२५ वरून पुढे मोजलं तर १६ फेब्रुवारी २०२६ येतो. त्या सोमवारी अमावास्या लागते, पण संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, म्हणजे सूर्यास्ताला जेमतेम तासभर उरलेला असताना. अशा काठावरच्या तारखांना शेवटचा शब्द पंचांगकर्त्याचा. बोटांवरचं गणित आपल्याला योग्य आठवड्यापर्यंत नेतं. पालखी किती वाजता उचलायची हे मात्र घटका आणि मिनिटांचा हिशेब केल्याशिवाय ठरत नाही.

म्हणून नवं कॅलेंडर लागल्यावर विचारला जाणारा तो प्रश्न दर वर्षी नव्याने विचारावाच लागणार. उत्तर हवं असेल तर आधीची एखादी सोमवती शोधा, तिच्यात अडतीस आठवडे मिळवा आणि तो सोमवार पंचांगात पडताळून पाहा. २०२६ साठीच्या दोन तारखा इथेच सांगून ठेवतो : १५ जून आणि ९ नोव्हेंबर. दोन्हींमधलं अंतर बरोबर एकवीस आठवड्यांचं आहे.